दहावीच्या पुस्तकातला पहिला धडा



गटाची बैठक म्हटली की हप्ता, व्याज, वही आणि बँकेची फेरी हे विषय ठरलेले. आज थोडा वेगळा विषय घेऊ. घरात कोणी दहावीला असेल तर बालभारतीचं ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग २’ हे पुस्तक मागून घ्या. त्यातला पहिलाच धडा आहे ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. शब्द जड आहेत, अर्थ सोपा आहे. आईबापाकडून लेकराकडे काय येतं आणि कसं येतं, ती आनुवंशिकता. हजारो-लाखो पिढ्यांमध्ये सजीव कसे बदलत गेले, एका प्रकारच्या जिवातून दुसरे प्रकार कसे झाले, ती उत्क्रांती.

या उत्क्रांतीवरून आपल्या देशात मोठा वाद झाला. केंद्राच्या दहावीच्या पुस्तकातून तो भाग काढला गेला. आपल्या राज्याच्या पुस्तकात तो आहे. हा वाद काय आहे आणि त्यात आपल्या मुलींचं काय अडलं आहे, ते आज समजून घेऊ.

आम्ही गटांमध्ये हा विषय काढला की पहिला प्रश्न येतो, “ताई, माकडाचा माणूस झाला की नाही झाला, आम्हाला काय करायचं त्याचं? आम्हाला उद्या निंदणाला जायचं आहे.” प्रश्न रास्त आहे. म्हणून सुरुवात वावरातूनच करू.

बोंडातली अळी

आपल्याकडे पऱ्हाटी कोणाला नवी नाही. २००२ साली देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. २००६ साली त्याचं पुढचं वाण, बोलगार्ड-२, आलं. या सरकीत मातीतल्या एका जिवाणूचा गुण घातलेला असतो. अळीने झाड खाल्लं की ती मरते. पहिली काही वर्षं बोंडअळीचे फवारे कमी झाले. मग गुलाबी बोंडअळी परत आली. २०१७ चा हंगाम तर विदर्भात कोणी विसरणार नाही. वरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत अळी आणि कवडी झालेला कापूस.

हे कसं झालं? अळी काही शहाणी झाली नाही. कोणी तिला शिकवलं नाही. कोट्यवधी अळ्यांमध्ये अगदी थोड्या अशा होत्या, ज्यांच्या अंगातच जन्मतः थोडा वेगळा गुण होता. बीटीचं विष त्यांना मारू शकलं नाही. बाकीच्या मेल्या, या उरल्या. उरलेल्यांचेच पतंग झाले, त्यांचाच जोडा जमला, त्यांचीच अंडी पडली. दर पिढीला अशा अळ्या वाढत गेल्या. काही वर्षांत वावरात त्यांचंच राज्य झालं.

मैत्रिणींनो, उत्क्रांतीच्या धड्यातली ‘नैसर्गिक निवड’ म्हणतात ती हीच. चार्ल्स डार्विन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८५९ साली आपल्या पुस्तकात हीच गोष्ट मांडली. एकाच प्रकारच्या जिवांमध्ये थोडाथोडा फरक असतो. आहे त्या परिस्थितीत ज्याला तगता येतं त्याची संतती जास्त होते, आणि तो गुण पुढे पसरतो. डार्विनला पुराव्यांवरून जे जुळवावं लागलं, ते आपण पंधरा वर्षांत आपल्या वावरात पाहिलं.

आता आठवा. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं एक छोटं पाकीट यायचं, बिगर-बीटी सरकीचं. लोक त्याला रेफ्युजी म्हणत. ते वावराच्या कडेने लावायचं होतं. कारण त्या झाडांवर साध्या अळ्या जगतील, त्यांचे पतंग विष पचवणाऱ्या पतंगांशी जोडा जमवतील, आणि विष पचवण्याचा गुण पसरायला वेळ लागेल. पण कित्येक घरांत ते पाकीट धुऱ्यावर पडून राहिलं. त्यात शेतकऱ्याचा दोष काढू नका. ‘लावा’ एवढं सांगितलं गेलं, ‘का लावा’ ते समजेल असं सांगितलं गेलं नाही. फरदड घेऊ नका, डिसेंबर संपता संपता पऱ्हाटी काढून टाका, असं आपल्या नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि कृषी खातं दरवर्षी सांगतं. त्याचंही कारण हेच आहे. पीक उभं राहिलं की अळीच्या आणखी पिढ्या होतात आणि निवडीचं हे चाक फिरतच राहतं.

दवाखान्यातही तेच. क्षयरोगाच्या गोळ्या अर्ध्यावर सोडल्या की कमजोर जंतू मरतात, चिवट उरतात आणि त्यांचीच पैदास होते. मग साधी गोळी लागू पडत नाही. डॉक्टर “कोर्स पुरा करा” म्हणतात, त्यामागे उत्क्रांतीचाच धडा आहे.

सिकलसेल: अर्धा धडा आणि पूर्ण धडा

आता घरातली गोष्ट. विदर्भात सिकलसेल किती घरांत आहे, हे आशाताईंना विचारा. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आनुवंशिकतेच्या धड्यात या आजाराची माहिती आहे. रक्तातल्या गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, अंग ठणकतं, रक्त कमी होतं. हा आजार संसर्गाने होत नाही. तो आईबापाकडून येतो.

हिशेब असा. प्रत्येकाला हा गुण ठरवणाऱ्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. एकच प्रत बदललेली असेल तर माणूस वाहक. त्याला सहसा त्रास होत नाही, कळतही नाही. दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर आजार. नवरा-बायको दोघंही वाहक असतील, तर दर खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. एकच जण वाहक असेल, तर बाळाला आजार होत नाही, फार तर ते वाहक होतं.

या एका हिशेबाने किती भांडणं मिटतील पाहा. “सुनेने आमच्या घरात रोग आणला” हे वाक्य आम्ही अनेक गावांत ऐकलं आहे. पण लेकराला हा आजार झाला याचा अर्थ एक प्रत आईची आणि एक प्रत बापाची. एकट्या सुनेच्या माथी तो मारताच येत नाही.

इथपर्यंत आनुवंशिकता झाली. पण पुढचा प्रश्न उरतोच. हा आजार आपल्याच भागात, जंगलपट्ट्यातल्या समाजांत एवढा का? कोणी म्हणतं पाप, कोणी म्हणतं कुळाला शाप, कोणी म्हणतं अमुक जातीचा रोग. याचं उत्तर आनुवंशिकतेकडे नाही. ते उत्क्रांतीकडे आहे.

१९५४ साली अँथनी ॲलिसन या डॉक्टरांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं, की सिकलसेलच्या वाहकांना मलेरिया जिवावर बेतण्याइतका सहसा होत नाही. मलेरियाचा जंतू तांबड्या पेशीत वाढतो. वाहकाच्या पेशीत त्याला नीट वाढता येत नाही. आता जुना काळ डोळ्यांपुढे आणा. दाट जंगल, डास, औषध नाही. साध्या रक्ताची पुष्कळ लेकरं मलेरियाने जायची. दोन्ही प्रती बदललेली लेकरं सिकलसेलने जायची. वाहक लेकरं जास्त वाचायची. ती मोठी होऊन तो गुण पुढे द्यायची. म्हणून जिथे मलेरिया जुना आणि जबर, तिथे सिकलसेल जास्त. आफ्रिकेत तसंच, आपल्या मध्य भारताच्या जंगलपट्ट्यातही तसंच.

म्हणजे हा डाग नाही. मलेरियाच्या रानात आपल्या पणज्या-खापरपणज्या ज्या गुणामुळे वाचल्या, त्याच गुणाची ही दुसरी बाजू आहे. कोणत्या जातीचं पाप नाही, कोणत्या बाईचा पायगुण नाही.

एक सावधगिरी. वाहकालाही मलेरिया होऊ शकतो, आणि आजार असलेल्या लेकराला तर मलेरिया फार घातक असतो. मच्छरदाणी सगळ्यांनाच हवी. रक्ताची तपासणी सरकारी दवाखान्यात होते, आणि २०२३ पासून त्यासाठी राष्ट्रीय मोहीमही सुरू आहे. लग्न जुळवताना पत्रिकेआधी ही तपासणी करून घ्या.

माकडाचा प्रश्न

धड्याला सगळ्यात जास्त विरोध होतो तो एका गैरसमजावरून. आजच्या माकडापासून माणूस झाला, असं उत्क्रांतीचं शास्त्र सांगत नाही. माणूस आणि वानरं यांचा फार फार जुना पूर्वज एक होता, असं ते सांगतं. एका पणजोबाची दोन घराणी. एक घराणं इकडे वाढलं, दुसरं तिकडे. चुलत घराण्यातला माणूस आपला बाप नसतो, पण रक्ताचं नातं असतं. तसं हे आहे. म्हणून “मग आजची माकडं माणसं का होत नाहीत?” हा प्रश्न, चुलतभावाचा आपला बाप का होत नाही, असं विचारण्यासारखा आहे.

वाद कसा झाला

जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, एक वैदिक संमेलन होतं. त्यासाठी आलेले केंद्रातले तेव्हाचे शिक्षण खात्याचे राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत चूक असल्याचं सांगितलं. माकडाचा माणूस होताना कोणी पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी कुठे सांगितलेलं वा लिहिलेलं नाही, शाळा-कॉलेजातून हे शिकवणं बदललं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. सिंह हे मुंबईचे माजी पोलीस आयुक्त. त्यांच्या बोलण्यावर देशातल्या तिन्ही मोठ्या विज्ञान अकादमींनी एकत्र पत्रक काढलं. उत्क्रांतीला भक्कम पुरावा आहे, ती शिकवण्यातून काढणं म्हणजे मागे जाणं आहे, असं त्यांनी बजावलं. तेव्हाचे शिक्षणमंत्री प्रकाश जावडेकर यांनीही सहकाऱ्याला अशी विधानं टाळायला सांगितली. योगायोग पाहा, त्याच २०१८ साली आपल्या राज्याचं दहावीचं नवं पुस्तक आलं आणि त्याच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा उत्क्रांतीचा होता.

पुढे करोना आला. मुलांवरचा भार हलका करायचा म्हणून केंद्राच्या एनसीईआरटीने पुस्तकांतून बरेच भाग वगळले. २०२२ मध्ये दहावीतला उत्क्रांतीचा भाग कायमच्या वगळणीत गेला. धड्याचं नाव ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ होतं, ते नुसतं ‘आनुवंशिकता’ राहिलं. एप्रिल २०२३ मध्ये १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी सही करून पत्र काढलं, की हा भाग परत घ्या.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. एनसीईआरटीचं आणि सरकारचं म्हणणं असं, की उत्क्रांती पुस्तकांतून गेलेली नाही. बारावीच्या जीवशास्त्रात ती पूर्ण आहे. दहावीच्या मुलांवरचा भार कमी करायचा होता, डार्विनला हटवायचं नव्हतं. २०१८ चं भाषण आणि २०२२ ची वगळणी यांचा थेट संबंध कोणी सिद्ध केलेला नाही, आपणही तसा आरोप करायचा नाही.

पण आरोप बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतो. बारावीचं जीवशास्त्र कोण शिकतं? दहावीनंतर विज्ञान घेतलेली आणि त्यातही जीवशास्त्र निवडलेली मुलं. आपल्या गावातल्या किती मुली तिथे पोचतात, बोटांवर मोजा. कोणी कला शाखेत जाते, कोणी आयटीआयला, कोणी शिवणक्लासला, कोणाचं लग्न होतं. त्या मुलीसाठी दहावीचं पुस्तक हेच विज्ञानाचं शेवटचं पुस्तक. बारावीत ठेवलेला धडा तिच्यासाठी नसल्यासारखाच. आणि उद्या वावरात कोणतं बियाणं लावायचं, लेकराच्या गोळ्या कधी बंद करायच्या, सिकलसेलची तपासणी करायची की नाही, हे ठरवणारी तीच आहे.

हा वाद फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत टेनेसी राज्यात १९२५ साली शाळेत उत्क्रांती शिकवली म्हणून जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला भरला आणि शंभर डॉलर दंड ठोठावला. वरच्या कोर्टात तो दंड तांत्रिक कारणाने रद्द झाला. पण तो कायदा मागे घ्यायला १९६७ साल उजाडलं. तुर्कस्तानात २०१७ मध्ये हायस्कूलच्या अभ्यासक्रमातून उत्क्रांती काढली. तिथेही तेच सांगितलं गेलं, की मुलांना हे अवघड जातं.

“कोणी पाहिलं?”

हा प्रश्न अनेक जणी विचारतात. कोणी पाहिलं नाही, हे खरं. पण रात्री पाऊस झाला, कोणी पाहिला नाही, तरी सकाळी ओलं वावर सांगतंच की. तसा पुरावा आपल्याच जमिनीत आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा गावाच्या शिवारात डायनोसॉरची हाडं सापडली आहेत, आणि दगड झालेलं त्यांचं शेणही. साडेसहा कोटी वर्षांहून जुनं. गडचिरोलीत सिरोंचा तालुक्यात वडधमला जीवाश्म उद्यान आहे. नागपुरात ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे, ते स्टीफन हिस्लॉप १८४५ साली इथे आले. ते ख्रिस्ती धर्मोपदेशक होते, आणि नागपूर-चंद्रपूर भागातले जीवाश्म त्यांनी हिंडून गोळा केले. धर्म मानणारा माणूस दगडाला प्रश्न विचारू शकतो, हे त्यांनी नागपुरातच दाखवलं.

म्हणून देव मानणाऱ्या मैत्रिणींनी घाबरू नये. देवघरातला दिवा या धड्याने विझत नाही. हा धडा फक्त एवढं सांगतो, की सजीव कसे बदलले हे पुराव्यावरून शोधता येतं. आपल्या संविधानाच्या कलम ५१-क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलं आहे. नागरिकात आपणही आलो.

आपण काय करायचं

पहिलं, पुढच्या बैठकीत दहावीतल्या एखाद्या मुलीला बोलवा आणि हा धडा मोठ्याने वाचून घ्या. अडलं तिथे बोंडअळीचं उदाहरण घ्या, तुम्हीच तिला समजावाल.

दुसरं, शाळेच्या पालकसभेत विचारा, की हा धडा वर्गात शिकवला जातो की ‘घरी वाचून घ्या’ म्हणून सोडून दिला जातो. पुस्तकात धडा असून वर्गात नसेल, तर तो असून नसून सारखाच. ज्यांची मुलं नवोदय किंवा सीबीएसईच्या शाळेत आहेत, त्यांनी शिक्षकांना विनंती करावी, की पुस्तकात नसला तरी एक-दोन तास या विषयाला द्या.

तिसरं, नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्याचा अभ्यासक्रम बदलतो आहे. मे २०२४ मध्ये राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने आराखडा लोकांपुढे ठेवून सूचना आणि हरकती मागवल्या होत्या. अशी संधी येते तेव्हा शहरातले लोक लिहितात, आपण लिहीत नाही. ठराव करणं आपल्याला नवं नाही. कर्जाचा ठराव करतो, दारूबंदीचा करतो, तसा हा. ग्रामसंघाच्या वहीत असा लिहा:

“आमच्या गावातील मुली बहुतांशी दहावीपर्यंतच विज्ञान शिकतात. म्हणून आनुवंशिकता आणि उत्क्रांती हे दोन्ही भाग दहावीच्या आत, सर्व मुलामुलींसाठी, पूर्ण शिकवले जावेत. नव्या पुस्तकातही ते कायम ठेवावेत.”

खाली सगळ्यांच्या सह्या, अंगठे. एक प्रत मुख्याध्यापकांना, एक गटशिक्षणाधिकाऱ्यांना, एक पुण्याला परिषदेच्या कार्यालयात. पोस्टाची पावती वहीला लावून ठेवा आणि उत्तर आलं नाही तर महिन्याने पुन्हा पाठवा.